शपथ नव्हे, संध्याकाळ सांभाळा

आषाढातल्या अमावास्येला घरात दिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातात आणि त्याच दिवशी गल्लीच्या टोकाला मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. लोक या दिवसाला ‘गटारी’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत बसलेला कर्ता पुरुष महिनाभर बाटलीला हात लावत नाही. पोळा होतो. कुणी गणपती उठेपर्यंत कळ काढतो. मग एका संध्याकाळी पुन्हा पेला भरला जातो. बायकोने काही म्हटले की उत्तर तयारच असते : ‘अख्खा श्रावण पाळला ना? मनात आणलं तर कधीही सोडू शकतो.’

या उत्तरात अर्धे सत्य आहे आणि उरलेल्या अर्ध्याने अनेक संसारांचे वाटोळे केले आहे. थांबता येते, हे त्याने सिद्ध केले. थांबून राहता येते, हे मात्र केलेले नाही. व्यसनाच्या उपचारात या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

श्रावणात दारू का सुटते, हे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. त्या महिन्यात घरातला स्वयंपाक बदलतो. मित्रमंडळीतले निम्मे जण ‘बंद’ असतात, त्यामुळे बोलावणे येत नाही. कुणी आग्रह केलाच, तर ‘श्रावण आहे’ एवढे दोन शब्द पुरतात. त्यावर कुणी चेष्टा करत नाही. उपास, सोमवार, देवळातल्या फेऱ्या यांनी संध्याकाळ भरलेली असते. म्हणजे मनाच्या निश्चयाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, काम भोवतालची मांडणी करत असते. श्रावण सरला की ती मांडणी एका दिवसात मोडते आणि एकटा निश्चय उरतो. तो फार दिवस टिकत नाही, यात नवल नाही.

दारूपासून दूर राहिलेल्यांच्या अनुभवातून आणि गेल्या काही दशकांतल्या संशोधनातून निघणारा धडा हाच आहे. माणूस शपथेने सुरुवात करतो, पण टिकतो तो दिनक्रमावर. आपला समाज मात्र अजूनही शपथेवरच सारा भरवसा टाकतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतो, देवापुढे नारळ फोडायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता त्या माणसाला पूर्वीच्याच नाक्यावर एकटा सोडून देतो.

आधी शरीर, मग मन

एक सावधगिरी सर्वांत आधी. ज्याला महिनाभर दारूवाचून हात न थरथरता राहता येते, त्याची गोष्ट वेगळी. जो सकाळी उठल्यावर घेतल्याशिवाय हातात कप धरू शकत नाही, त्याची वेगळी. दारू मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते. वर्षानुवर्षे रोज दारू मिळत राहिली, की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उत्तेजित करणारी बाजू वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली, तर ही उत्तेजना मोकाट सुटते. काही तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास ही अवस्था जिवावर बेतते. अशा माणसाला खोलीत कोंडून ‘जिरवणे’ हा उपाय नव्हे. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते.

याच्या नेमका उलट धोका म्हणजे भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या जाहिराती : ‘न सांगता दारू सोडवा’. वरणात, चहात गुपचूप पूड मिसळणाऱ्या हतबल पत्नीला किंवा आईला दोष देता येणार नाही. मात्र अशा पुडीत काय आहे, हे तिला कळत नाही. दारूशी न जमणारे डायसल्फिराम हे औषध खरोखरच उपयोगी आहे, परंतु रुग्णाची संमती, तपासण्या आणि पूर्ण समज असेल तरच. ते पोटात असताना नकळत दारू घेतली, तर ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साठते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही ओढवतो. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी औषधेही उपलब्ध आहेत. तीही डॉक्टरांनीच, यकृत आणि मूत्रपिंड तपासून द्यायची असतात. चोरून सोडवलेली दारू टिकत नाही, कारण ज्याला सोडायची आहे तोच त्या प्रयत्नात सहभागी नसतो.

नाक्यावरचा वास

शरीर आठवड्याभरात सावरू लागते. मेंदूतली आठवण मात्र मागे राहते. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. फळाच्या रसाचा थेंब मिळाला, की माकडाच्या मेंदूतल्या डोपामिनशी संबंधित पेशी उसळत. रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी त्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसताच उसळू लागल्या. माणसाच्या बाबतीत ती खूण म्हणजे कंपनीचा सुटण्याचा भोंगा, पगाराचा मेसेज, तळलेल्या चकण्याचा वास, ठरावीक मित्राचा फोन. दारू अजून दिसलेलीही नसते, पण मेंदू आधीच तिच्या वाटेला लागलेला असतो. ‘पाय आपोआप तिकडे वळले’ असे रुग्ण सांगतात, तेव्हा ती नेहमीच सबब नसते.

परिसराचा हा प्रभाव किती मोठा असतो, याचे एक उदाहरण व्हिएतनाम युद्धातले आहे. तिथे लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइनचे व्यसन पसरले होते. हे सैनिक १९७१च्या सुमारास परतले, तेव्हा ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांचा मागोवा घेतला. व्हिएतनाममध्ये व्यसनाधीन झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेल्यांचे प्रमाण केवळ ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. हेरॉइनच्या बाबतीत हे कुणी कल्पिलेही नव्हते. युद्धाचा ताण, स्वस्त माल, तिथली सोबत हे सारे मागे राहिले होते, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते.

आपल्या व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाचे नेमके उलटे होते. महिना-सव्वा महिना तो सुरक्षित जागी राहतो, नेमाने उठतो, जेवतो, व्यायाम करतो, मन मोकळे करतो. मग त्याला जिथून आणले तिथेच परत नेऊन सोडले जाते. सैनिक युद्धभूमीवरून घरी आला होता. हा घरी आला की त्याची युद्धभूमी सुरू होते. म्हणूनच केंद्रातून सुटीचा दिवस हा उपचाराचा शेवट नव्हे, तर खरी सुरुवात समजायला हवी.

साडेपाच ते नऊ

समजा, एक कामगार साडेपाचला कारखान्यातून सुटतो. दुपारी बाराला डबा खाल्ला, त्यानंतर फक्त चहा. पोटात भूक, साहेबाने दिवसभर झापल्याचा राग, अंग थकलेले आणि घरी पोचल्यावर बोलायला कुणी नाही. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांची यादी दारू सोडलेल्यांच्या सभांमध्ये वर्षानुवर्षे सांगितली जाते. चौघे एकत्र आले, की निश्चयाची परीक्षा सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

या माणसाला ‘मन घट्ट कर’ असे सांगून काही उपयोग नाही. त्याला काही सोप्या गोष्टी करता येतात. सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या पोटभर काही खायचे : चणे-शेंगदाणे, केळी, पोळी-भाजी. भरल्या पोटी ओढ कमी भासते, हा दारू सोडलेल्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. दुकानावरून जाणारा रस्ता सोडून दुसरा धरायचा, दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील. पगाराच्या दिवशी खात्यातले पैसे कुणाच्या हवाली करायचे, हे आदल्या दिवशी ठरवायचे. सहा ते नऊ कुठे असायचे, याचे उत्तर सकाळीच तयार ठेवायचे. भजनी मंडळ असो, मुलाचा अभ्यास असो, मैदानावरची फेरी असो किंवा भाजी निवडणे असो. जागा आणि वेळ ठरलेली हवी. ‘बघू संध्याकाळी’ हे उत्तर म्हणजे दारूला दिलेले आमंत्रण.

तरीही ओढ येणारच. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने तिला लाटेची उपमा दिली. लाटेला छातीने अडवू पाहणारा कोसळतो. तिच्यावर तरंगणारा किनाऱ्याला लागतो. ओढ चढत जाते, टोकाला पोचते आणि ओसरते. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला ती कधीच संपणार नाही असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अर्ध्या तासात तिचा जोर कमी होतो. तेवढा वेळ जागा बदलणे, चालायला लागणे, कुणाला तरी फोन करणे एवढेच काम असते. प्रत्येक ओसरलेली लाट पुढच्या वेळेसाठी पुरावा म्हणून जमा होते.

झोपेकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ‘घेतल्याशिवाय झोप लागत नाही’ ही तक्रार खरी असते. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते आणि स्वप्नांची झोप कमी होते. दारू सुटल्यावर विस्कटलेली झोप सावरायला काही आठवडे, काहींना काही महिनेही लागतात. या काळात घसरण्याचा धोका अधिक असतो. म्हणून ठरलेल्या वेळी उठणे, दुपारनंतर चहा आवरणे, रात्री मोबाइल दूर ठेवणे या साध्या सवयी इथे औषधाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. आणखी एक : दारू सोडून तंबाखूची मळणी दुप्पट करणे हा तोडगा नाही. दोन्ही व्यसने एका वेळी सोडू नयेत, हा समज संशोधनाला मान्य नाही. तंबाखू सोडण्याची मदत सोबत मिळाली, तर दारूपासून दूर राहण्याला उलट बळ मिळते, असे अभ्यास सांगतात.

एकवीस दिवसांची दंतकथा

एकवीस दिवसांत सवय लागते, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली एका पुस्तकात लिहिलेल्या निरीक्षणावरून हा आकडा पसरला. तो सवयींच्या मोजमापातून आलेला नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज ठरावीक वेळी एक छोटी कृती करायला सांगितली : जेवणासोबत फळ खाणे, पाणी पिणे, थोडे पळणे. ती कृती विचार न करता होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत हा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा आहे : मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

फळ खाणे आणि दारू सोडणे यांची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण दारूची जागा ज्या नव्या सवयींनी भरायची, त्यांना हा नियम लागू पडतो. म्हणून पहिल्याच सोमवारी पहाटे पाचला उठणे, व्यायामशाळा, साखर बंद, ध्यानधारणा असे सारे एकदम सुरू करणारा माणूस पंधरवड्यात दमतो आणि सगळेच सोडतो. एक सवय, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. ती अंगवळणी पडली की दुसरी. शिस्त म्हणजे स्वतःला शिक्षा करणे नव्हे. रोज नव्याने निर्णय घ्यावा लागू नये, अशी सोय लावणे म्हणजे शिस्त.

घसरला, म्हणजे संपला नाही

सर्वांत अवघड क्षण येतो तो घसरण्याचा. आठ महिने कोरडे गेले आणि एका लग्नात दोन पेग झाले. ‘आता काय, गेलंच सगळं’ हा विचार पहिल्या पेगपेक्षा अधिक नुकसान करतो. दोन पेगांचा आठवडा होतो तो या विचाराने. मार्लाट यांनी या मनःस्थितीचाही अभ्यास केला होता. जो माणूस घसरण्याकडे ‘मी नालायक’ म्हणून पाहतो तो खोल जातो. जो ‘कुठे चुकले?’ असे विचारतो तो लवकर वर येतो.

घरच्यांची भूमिका इथे निर्णायक ठरते. व्यसनाच्या आजारात पुन्हा घसरण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या आढाव्यात नोंदवले गेले. रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांमध्ये पथ्य-औषध सुटून त्रास उलटण्याचे प्रमाण याहून कमी नाही. पण साखर वाढलेल्या मधुमेहीला कुणी ‘तुझ्यावर विश्वासच ठेवायला नको होता’ म्हणत नाही. त्याला डॉक्टरकडे नेले जाते. दारूच्या रुग्णालाही हाच न्याय हवा. याचा अर्थ मारहाण, उधारी, खोटेपणा पोटात घालावा, असा मुळीच नाही. स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पहिली. राग वर्तनावर असावा आणि उपचाराचे दार उघडे असावे, एवढेच.

सोबतीचे शास्त्र

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक या दोन मद्यपींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. एका मद्यपीने दुसऱ्याशी मन मोकळे करायचे, एवढे साधे तिचे मूळ. बराच काळ तज्ज्ञ तिच्याकडे संशयाने पाहत. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि १० हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा या सभांकडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारांनंतर वर्षाअखेर ४२ टक्के लोक पूर्ण कोरडे राहिलेले आढळले; इतर प्रचलित उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. फरक चमत्कारासारखा नाही. पण या सभांना पैसे लागत नाहीत, आणि त्या बहुधा संध्याकाळी भरतात, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट अनोळखी नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून आपुलकीचे वातावरण आणि सहरुग्णांची सोबत हा तिथल्या उपचाराचा कणा राहिला आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून गावोगावी ‘माळ घातली’ म्हणून दारू सोडणारी माणसे आहेत. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण माळेसोबत काय काय येते ते पाहावे : संध्याकाळचा हरिपाठ, नवे सोबती, पाळायचे पथ्य, वर्षातून एकदा वारीची चालण्याची शिस्त आणि सर्वांना दिसणारी एक खूण, जी पाहून आग्रह करणारा आपोआप मागे सरतो. श्रावणाची मांडणी महिन्याने मोडते. माळेची बारा महिने टिकते. ज्याला माळ नको, त्याने एवढीच भक्कम दुसरी मांडणी शोधावी.

सरकारी वेळेचा प्रश्न

हे सारे माणसाच्या माथी मारून मोकळे होणे मात्र अन्यायाचे आहे. मजूर अड्ड्यावर रोजंदारी हातात पडते तिथून दुकान चार पावलांवर असेल, कंत्राटी कामगाराला पुढच्या आठवड्याची पाळी ठाऊक नसेल, तर त्याने दिनक्रम बांधायचा कशावर? ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि दारूमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला तरी उपचार मिळतो. बाकीच्या ३७ जणांना शपथाच घालायच्या का?

जे राज्य दारूच्या करातून तिजोरी भरते, त्याने या करातला एक निश्चित वाटा पाठपुराव्याच्या उपचारांसाठी राखून ठेवायला हवा. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. रोजंदारीवरचा माणूस त्यासाठी खाडा कसा करणार? त्याची घसरण सकाळी अकराला होत नाही, संध्याकाळी सातला होते. आठवड्यातून दोन संध्याकाळी समुपदेशक, ओढ कमी करणारी औषधे आणि सोबत बसायला एक खोली, इतके जरी प्रत्येक तालुक्याला मिळाले तरी चित्र बदलेल. केंद्रांचे यशही किती जणांनी शपथ घेतली यावर नव्हे, तर वर्षभराने किती जण संपर्कात आहेत यावर मोजले जावे. आज निदान १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही ‘टेलि-मानस’ची निःशुल्क हेल्पलाइन उपलब्ध आहे, हे तरी घरोघरी ठाऊक असायला हवे.

यामुळे मद्यपींना सबब मिळेल, असा आक्षेप घेतला जातो. तसे होत नाही. परिस्थितीचा जोर मान्य केला म्हणजे जबाबदारी संपत नाही. ती नेमकी कुठे आहे ते कळते. ओढ येऊ न देणे कुणाच्याच हातात नाही. साडेपाचला खाणे, रस्ता बदलणे, सातच्या सभेला जाऊन बसणे हे मात्र त्याच्या हातात आहे, आणि ते त्याला शक्य व्हावे हे भोवतालच्यांच्या.

पोळ्याच्या दिवशी ‘श्रावण पाळला’ म्हणून ऐटीत सांगणाऱ्याला टोमणा मारू नये. त्याने खरोखरच काहीतरी कमावले आहे. त्याला फक्त एक प्रश्न विचारावा : ‘छान झालं. आता उद्या संध्याकाळी काय करणार आहात?’ त्याच्याकडे उत्तर नसेल, तर शेजारी बसून ते शोधायला मदत करावी.